गतजन्माचे रहस्य पडद्यावर: ‘महल’ आणि ‘मधुमती’

वादळी रात्री आडोशाला थांबलेला प्रवासी अनोळखी हवेलीत शिरतो आणि तिथला जिना, दालन, भिंतीवरचे चित्र त्याला ओळखीचे वाटू लागते. प्रेम, भय आणि गतजन्म यांची सांगड घालणारे जुन्या धाटणीचे रहस्यपट बहुधा याच जागी प्रेक्षकाला पकडतात. हिंदीत हा प्रकार १९४९ च्या ‘महल’ने रुजवला आणि १९५८ च्या ‘मधुमती’ने त्याला पूर्ण रूप दिले. ‘महल’ मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा. ‘मधुमती’चाही मोठा भाग मुंबई आणि इगतपुरी परिसरात चित्रित झाला.

आपल्याकडे या कथांना जमीन तयारच होती. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळताना सात जन्मांची सोबत मागितली जाते. परका माणूस पहिल्याच भेटीत आपला वाटला, की त्याला ऋणानुबंध म्हणतात. अशा प्रेक्षकाला पुनर्जन्म म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे दिग्दर्शकाला सारा भर एकाच प्रश्नावर देता येतो: नायकाला खरोखरच मागचे आठवते आहे, की कोणी त्याला फसवते आहे?

‘महल’ हा कमाल अमरोही यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. नायक होते अशोक कुमार. कथेतला शंकर जुन्या महालात राहायला येतो. महालाच्या मृत मालकाचे चित्र हुबेहूब त्याच्यासारखे दिसते. रात्री घड्याळात दोनचे ठोके पडतात, दुरून एका स्त्रीचे गाणे ऐकू येते आणि झोपाळ्यावर बसलेली मधुबाला दिसते. शंकर तिच्यामागे खेचला जातो आणि त्याचा संसार उद्ध्वस्त होतो. शेवटी उलगडा होतो, की ही भुताटकी नव्हती. माळ्याची मुलगीच अतृप्त आत्म्याचे सोंग घेत होती.

या चित्रपटाची खरी ताकद आवाजात आहे. संगीतकार खेमचंद प्रकाश यांच्या त्या गाण्यासाठी विशीतल्या लता मंगेशकर यांना मायक्रोफोनपासून दूर उभे केले होते. गात गात त्या जवळ आल्या, म्हणून स्वर अंधारातून सरकत आल्यासारखा वाटतो. पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होते ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे. हा आवाज कोणाचा, अशी विचारणा श्रोत्यांकडून होऊ लागली आणि लताबाईंचे नाव सर्वतोमुखी झाले.

‘महल’चे संकलन बिमल रॉय यांनी केले होते. नऊ वर्षांनी त्यांनीच ‘मधुमती’ दिग्दर्शित केला. कथा ऋत्विक घटक यांची, संवाद राजिंदरसिंग बेदी यांचे आणि संगीत सलील चौधरी यांचे. बाह्यचित्रण नैनिताल परिसरात झाले. मुंबईत फिल्म धुतल्यावर मात्र बरीचशी खराब झाल्याचे दिसले. इतक्या लांब पुन्हा जाणे परवडणारे नव्हते. मग कलादिग्दर्शक सुधेंदू रॉय यांनी इगतपुरीजवळ वैतरणा धरणाच्या परिसरात पाइनची खोटी झाडे उभी करून हिमालयाचा देखावा रचला. काही भाग आरे कॉलनीत घेतला आणि धुके कृत्रिम धुराने तयार केले. पडद्यावर सह्याद्री कुठे सुरू होतो, हे आजही सहज ओळखू येत नाही.

कथेतला देवेंद्र (दिलीप कुमार) हवेलीतले एक चित्र पाहून थबकतो. ते आपणच काढले होते, असे त्याला आठवते. मागच्या जन्मी तो आनंद नावाचा व्यवस्थापक होता आणि पहाडी मुलगी मधुमती (वैजयंतीमाला) हिच्या प्रेमात पडला होता. उग्रनारायण (प्राण) या जमीनदारामुळे तिचा बळी गेला. गुन्हा कबूल करवून घेण्यासाठी आनंद तिच्यासारख्याच दिसणाऱ्या माधवीला मधुमती बनून यायला सांगतो. ती येते, उग्रनारायणाला जाब विचारते, प्रेत पुरल्याची गोष्टही काढते. आनंदलाही ठाऊक नसलेली गोष्ट हिला कशी कळली? तेवढ्यात खरी माधवी धावत येते. वाटेत गाडी बिघडल्याने तिला उशीर झालेला असतो. आधी आलेली कोण होती, हे सांगायला संवाद लागत नाही.

दोन्ही चित्रपटांची उत्तरे परस्परविरोधी आहेत. ‘महल’मधले भूत खोटे, ‘मधुमती’मधले खरे. पहिल्यात भ्रमाने माणूस संपतो, दुसऱ्यात अपुरे प्रेम पुढच्या जन्मी पूर्ण होते. पुढे ‘मिलन’ (१९६७), ‘नीलकमल’ (१९६८), ‘कर्ज’ (१९८०), ‘कुदरत’ (१९८१) आणि ‘ओम शांती ओम’ (२००७) बहुतांशी ‘मधुमती’च्या वाटेने गेले. मराठीतल्या ‘पाठलाग’ने (१९६४) वेगळी वाट धरली. राजा परांजपे यांनी त्यात मेलेली बायको परत आल्याचा भास उभा केला, पण गाठ सोडवली ती जुळ्या बहिणीच्या साध्या खुलाशाने. याच चित्रपटावरून हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) निघाला.

घड्याळाचे ठोके, चित्र, धुके, दुरून येणारा स्वर एवढ्याच साधनांवर या दोन चित्रपटांनी अदृश्य गतजन्म डोळ्यांपुढे उभा केला. ‘मधुमती’ला नऊ फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. लताबाईंचा पहिला फिल्मफेअर त्यांतलाच. हा नऊ पुरस्कारांचा विक्रम मोडायला १९९५ चा ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ यावा लागला.