नगरच्या पाषाणातील ऊन पाणी

समुद्राच्या तळाशी उसळणाऱ्या उष्णोदकाने साठविलेल्या सोन्यारुप्याचा शोध घेण्याची तजवीज कोणी नगर जिल्ह्यात मांडली, तर तिचा निकाल राहुरी तालुक्यातील मोमीन आखाड्याच्या दगडखाणींतच पुष्कळसा लागून जातो. तेथील थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या पाषाणात सुरुंगाने उघड्या पडलेल्या पोकळ्यांच्या भिंतींवर स्टिल्बाइटच्या फिक्या जुड्या आणि अपोफिलाइटचे हिरवट, पारदर्शक स्फटिक जडलेले दिसतात. आणि लाव्हा थिजल्यानंतर त्याच्या भेगांतून ऊन पाणी फिरले होते, याचा याहून सबळ पुरावा मागण्याचे कारण उरत नाही.

परंतु पाणी ऊन असून भागत नाही. त्याच्या शिदोरीत काय होते, हे पाहावे लागते. समुद्रतळावर खारे पाणी भेगांतून खाली झिरपते, शिलारसाच्या आचेने साडेतीनशे अंशांपर्यंत तापते, आणि क्लोराइडच्या व गंधकाच्या बळावर खडकातील धातू विरघळवून घेऊन परत वर उसळते. खोल समुद्रात वरच्या पाण्याचा दाब त्यास उकळू देत नाही, म्हणून थंड पाण्याशी गाठ पडताच तांब्या-जस्ताची गंधकयुक्त धुराडी उभी राहतात. उथळ पाण्यात मात्र ते तळाखालीच उकळते, त्यातील वायू निघून जातात, आणि सोने-रुपे तेथेच खाली बसते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील एस्के क्रीकची समृद्ध खाण याच घडणीची. राहुरीच्या पाण्याने मागे ठेवली ती मुख्यत्वे चुना, पोटॅश आणि सिलिका यांची संयुगे. मी भिंगाखाली फिरवून पाहिलेल्या तुकड्यांत गंधकयुक्त लोहमाक्षिकाची पितळी चमक कोठेही आढळली नाही.

दुसरी साक्ष अकोले तालुक्यातील डोंगरांची. पाण्यात ओतलेला लाव्हा गोलसर गोळ्यांत थिजतो, आणि मुंबईच्या बेटावर तशा गोळ्यांची नोंद आहे. अकोल्याच्या कड्यांवर मात्र एकावर एक रचलेले आडवे थर दिसतात, व त्यांतील काहींच्या मध्ये तांबड्या मातीची पट्टी लागते. दोन उद्रेकांमधल्या अवधीत उघड्या हवेवर खडक कुजला, त्याची ती खूण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा मुलूख कोरड्या जमिनीवर रचला गेला, असे ती पट्टी सांगते.

तिसरी चाचणी मुळा नदीच्या वाळूची. उथळ परातीत वाळू घेऊन ती पाण्याखाली हळूहळू घोळवीत हलके कण वाहू द्यावेत, म्हणजे तळाशी जड काळी रेघ उरते. ती वाळवून लोहचुंबक फिरविला असता बहुतेक सारी उचलली जाते, कारण ते मॅग्नेटाइट असते. सोने चुंबकाला दाद देत नाही. असलेच, तर मागे राहिलेल्या चिमूटभर कणांतच ते धुंडाळावयाचे असते.

ज्या खाऱ्या, तप्त पाण्याची येथे उणीव, ते हिंदी महासागरातील पर्वतरांगांवर आजही उसळत आहे. २०१६ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी १५ वर्षांचा करार करून तेथील १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात अशा धातुसाठ्यांच्या शोधाचा हक्क मिळविला. आणि २०२४ च्या डिसेंबरात गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने, चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या साह्याने, सुमारे ४,५०० मीटर खोलीवरील एका सक्रिय झऱ्याची छायाचित्रे घेतली. नगरमधील अशा शोधाच्या पत्रकावर ‘संभव नाही’ असा शेरा मारावयास जो भूवैज्ञानिक कचरत नाही, तोच वेधनाचा खर्च वाचवून तो पैसा त्या महासागराकडे, अथवा जेथे सोन्याची नोंद झालेली आहे अशा भंडारा-नागपूरकडील पुरातन खडकांकडे, वळविण्याची शिफारस अधिकाराने करू शकतो.