चौकट : जुन्या फोक्सवॅगन व्हॅनचा हीटर

- गाडी : ‘टाइप २’. जर्मनीत 1950 पासून उत्पादन. इंजिन मागे, हवेने थंड होणारे, रेडिएटर नाही.
- उष्णता कुठून : इंजिनाचा पंखा एक्झॉस्ट पाइपभोवतीच्या धातूच्या कवचातून (हीट एक्स्चेंजर) हवा ढकलतो. तापलेली हवा गाडीखालच्या लांब नळीतून पुढे केबिनमध्ये येते.
- फरक : 1979 साली आलेल्या तिसऱ्या पिढीत 1982 पासून पाण्याने थंड होणारे पेट्रोल इंजिन. तिथे गरम कूलंट हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतो.

बिघाड आणि उपाय

- हवा येते, पण कोमट : नळ्या गंजलेल्या, सांधे सुटलेले किंवा आवरण निघालेले. नळ्या बदलाव्यात, आवरण पुन्हा चढवावे.
- हीटर चालू-बंद होत नाही : केबल तुटलेली किंवा झडप गंजून अडकलेली. केबल बदलावी, झडप मोकळी करावी.
- पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या गाडीत काच धूसर, गोडसर वास : हीटरच्या रेडिएटरमधून कूलंटची गळती.

धोका : हीट एक्स्चेंजरला आतून भोक पडल्यास कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो. हा वायू रंगहीन, गंधहीन आणि प्राणघातक. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही लक्षणे. हीटर लगेच बंद, खिडक्या उघड्या, गाडीबाहेर मोकळ्या हवेत. खराब एक्स्चेंजर बदलेपर्यंत हीटर वापरू नये.