महापौर एका वर्षाचा

दिल्लीच्या महापौरांवर लिहायला बसलो की माझं मन आधी चांदणी चौकात जातं. टाऊन हॉलची पिवळी इमारत, समोर स्वामी श्रद्धानंदांचा पुतळा (तिथे पूर्वी व्हिक्टोरिया राणी होती) आणि पायाशी कबुतरांचे थवे. बातमीदारीच्या दिवसांत सभेला उशीर असला की मी तिथेच दाणे विकणाऱ्यांशी गप्पा मारत उभा राही. आता महापालिका सिव्हिक सेंटरच्या २८ मजली इमारतीत गेली आहे. टाऊन हॉल ओस पडला, कबुतरं तेवढी राहिली.

महापालिका अस्तित्वात आली ७ एप्रिल १९५८ रोजी. त्याच वर्षी अरुणा असफ अली महापौर झाल्या. हे नाव आपल्याला परकं नाही. ९ ऑगस्ट १९४२ ला नेते गजाआड असताना मुंबईच्या गवालिया टँकवर तिरंगा फडकवला तो त्यांनी. मग त्या भूमिगत झाल्या. सरकारने इनाम लावलं, गांधीजींनी स्वतः पत्र लिहून शरण जा असं सुचवलं, पण १९४६ मध्ये वॉरंट मागे घेतलं जाईपर्यंत बाई बाहेर आल्या नाहीत. एवढ्या हिमतीची बाई ज्या खुर्चीत बसली, त्या खुर्चीच्या हाती मात्र कायद्याने सभा चालवण्यापलीकडे फारसं काही ठेवलं नव्हतं. कारभार आयुक्ताचा, आणि आयुक्त नेमणार केंद्र सरकार. साचा आपल्या मुंबईच्या १८८८ च्या कायद्याचा.

पण अधिकारांपेक्षाही मला सलते ती मुदत. दिल्लीचा महापौर दर वर्षी बदलतो. पहिलं वर्ष महिलेसाठी राखीव, तिसरं अनुसूचित जातीसाठी. आरक्षण हवंच, पण त्या महिलेच्या वाट्याला वर्षच का? खाती समजेपर्यंत पावसाळा येतो, नाले तुंबतात आणि अंदाजपत्रकाला हात घालावा तर निरोपाची वेळ.

मधल्या काळाची यादी देत बसत नाही. हंसराज गुप्ता, केदारनाथ साहनी ही नावं जुन्या दिल्लीकरांना आठवतील. १९८३ नंतरची निवडणूक थेट १९९७ मध्ये झाली, एवढं सांगितलं तरी पुरे. २०१२ मध्ये महापालिकेचे तीन तुकडे केले आणि एका शहराला तीन महापौर मिळाले.

राजधानीत दुसरं सत्ताकेंद्र नको, असं काही जाणकार वर्षानुवर्षं लिहीत आले आहेत. मला ते कधीच पटलं नाही. पॅरिसमध्ये १८७१ च्या उठावानंतर याच भीतीने शंभराहून अधिक वर्षं महापौर ठेवला नव्हता. १९७७ मध्ये जॅक शिराक निवडून आले, पुढे राष्ट्राध्यक्षही झाले. फ्रान्सचं काही बिघडलं नाही. लंडनने २००० पासून थेट लोकांकडून महापौर निवडला आणि केन लिव्हिंगस्टन यांनी २००३ मध्ये मध्यवस्तीत येणाऱ्या मोटारींवर शुल्क बसवून दाखवलं. त्यांना चार वर्षांची मुदत होती.

आमच्याकडे? ४ डिसेंबर २०२२ ला पुन्हा एकत्र केलेल्या महापालिकेच्या २५० जागांसाठी मतदान झालं. महापौर निवडण्याच्या तीन सभा गोंधळात उधळल्या. स्वीकृत सदस्यांना या निवडीत मत नाही, हे सांगायला सर्वोच्च न्यायालय लागलं, आणि २२ फेब्रुवारी २०२३ ला शेली ओबेरॉय १५० विरुद्ध ११६ मतांनी निवडून आल्या. त्याच रात्री स्थायी समितीच्या निवडणुकीवरून सभागृहात पाण्याच्या बाटल्या फेकल्या गेल्या. टाऊन हॉलमध्येही मी कडाक्याची भांडणं ऐकली, पण ती पाण्यावरून आणि शाळांवरून होत. ही सगळी खुर्चीवरून.

मुदत वाढवणं अवघड नाही. महाराष्ट्रात महापौराला अडीच वर्षं मिळतात, दिल्लीलाही निदान तेवढी द्या. खासदारांचे बहुतेक बंगले नवी दिल्ली नगरपालिकेच्या हद्दीत आहेत, तिथे महापौरच नसतो, म्हणून ही टोचणी त्यांना लागत नसावी. पण कायदा संसदेचा आहे. २०२२ मध्ये तिन्ही महापालिका एक करणारं विधेयक मार्चअखेर मांडलं गेलं आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दोन्ही सभागृहांत मंजूरही झालं.