मोटरसायकलवर बसलेली सायकल

मुलांनो, मोटरसायकलवर मागे बसून खांद्याला अख्खी सायकल अडकवलेला मुलगा तुम्ही पाहिला असेल. कदाचित तो तुम्हीच असाल!

समजा, बाबांनी सोलापूरला गिअरची, जाड टायरची सायकल घेतली. ती तुळजापूरला न्यायची, म्हणजे पंचेचाळीसेक किलोमीटर. तिचं वजन साधारण 15 किलो. "एवढंच ना!" बाबा म्हणतील. पण ओझं किती, यापेक्षा ते कुठं ठेवलंय हे बघायला हवं.

बैलगाडीत कडबा मागच्या बाजूला जास्त भरला की काय होतं? जू वर उचललं जातं, गाडी उलाळ होते. इथंही तेच. मागच्या चाकाच्याही मागे ओझं लटकलं की पुढचं चाक हलकं पडतं. आणि गाडी वळते ती त्याच चाकावर! त्यात तुळजापूरचा घाट. चढावर भार आणखी मागे जातो. शिवाय सायकलचं रुंद हँडल शेजारून जाणाऱ्या गाडीत अडकलं तर?

म्हणून आधी दोन्ही चाकं काढायची, हँडल सैल करून फिरवायचं. सांगाडा सीटवर, चालकाच्या पाठीला लागूनच ठेवायचा. साखळीची बाजू वर. सुतळी धक्क्यांनी सैल पडते. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट बसतात. पट्टीचं एकही टोक लोंबता कामा नये. ते मागच्या चाकात गेलं, की चाक जागीच अडकतं.

आणि तुम्ही? सीटवर जागाच उरली नाही. तुम्ही एसटीनं या. येताना पाना मात्र विसरू नका, चाकं जोडायचीत!