मेटल गाण्यात बोलतंय कोण?

मेटल गाण्यांत मरण, रक्त, सैतान पदोपदी भेटतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, गाणारा आपल्याला हेच शिकवतोय. अर्थ लावायचा तर एकेक पायरी चढू. उदाहरणाला मेटॅलिका या अमेरिकी बँडचं १९८८ सालचं ‘वन’ घेऊ.

आधी शब्द नीट मिळवावेत. बऱ्याच मेटल गाण्यांत गायक घशातून गुरगुरतो. त्याला ग्राउल म्हणतात. निम्मे शब्द कळत नाहीत आणि कुणीतरी अंदाजाने उतरवलेल्या ओळी आपण खऱ्या मानतो. शक्यतो अल्बमसोबतची पुस्तिका पाहावी.

मग विचारावं, बोलतंय कोण? सर्वांत जास्त गफलत इथेच होते, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला तर ही पायरी सोपी जावी. पंढरपुरात भारूड पाहताना समोरच्या सोंगाड्याला खरंच विंचू चावलाय, असं आपण मानत नाही. एकनाथांनी आंधळा, मुका, बहिरा अशा कितीतरी पात्रांच्या तोंडून भारुडं रचली. मेटलचा गायकही असंच सोंग घेतो. ‘वन’मध्ये बोलतो तो एक सैनिक. सुरुंगाने त्याचे हात, पाय, डोळे, कान, वाचा सारं नेलंय. शुद्ध मात्र शाबूत आहे, आणि तो मरण मागतोय.

आता मूळ गोष्ट शोधावी. हे गाणं डाल्टन ट्रम्बो यांच्या १९३९ च्या ‘जॉनी गॉट हिज गन’ या कादंबरीवरून सुचलेलं. तिच्यात पहिल्या महायुद्धात असाच जायबंदी झालेला जो बॉनहॅम डोकं आपटून मोर्सच्या, म्हणजे तारखात्याच्या कडकट्ट लिपीत बोलू पाहतो. एवढं कळलं की गाण्यात मरणाचं कौतुक नाही, युद्धाविरुद्धचा आक्रोश आहे, हे स्पष्ट होतं.

रूपक शोधताना मात्र भारुडाची सवय जरा आवरावी. नाथांचा विंचू म्हणजे काम-क्रोध. पण ‘वन’मधलं शरीर दुसऱ्या कशाची खूण नाही, सुरुंग माणसाचं जे करतो, तेच तिथे आहे. गूढार्थ शोधायच्या नादात समोरची वेदना निसटते, आणि मला ही चूक सर्वांत वाईट वाटते.

वाद्यंही ऐकावीत. सुरुवातीला युद्धाचे आवाज, मग हळुवार गिटार. पुढे दोन्ही पायांनी वाजवलेला बास ड्रम मशीनगनसारखा तडतडतो. गीत एवढ्या संथपणे का सुरू झालं, ते तेव्हा उमगतं.

शेवटी गीतकार काय म्हणतो, ते पाहावं. आयर्न मेडन या इंग्लिश बँडवर १९८२ च्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ या गाण्यामुळे अमेरिकेत सैतानपूजेचा आरोप झाला. ते लिहिणाऱ्या स्टीव्ह हॅरिस यांनी मात्र सांगितलं, की एक भयपट पाहून पडलेल्या दुःस्वप्नातून ते आलं. घरातलं मूल अशी गाणी ऐकत असेल, तर त्यातलं त्याला काय भिडतं, हे त्यालाच शांतपणे विचारावं.

सरावासाठी मुंबईच्या डिमॉनिक रिझरेक्शन या बँडचा २०१७ चा ‘दशावतार’ अल्बम घ्यावा. प्रत्येक अवतारावर एक गाणं आहे. गोष्टी पाठ असल्याने नृसिंहाच्या गाण्यात बोलणारा कोण, हे शोधायला आपल्याला पुस्तिकेची फारशी गरज पडणार नाही.