रंगाआधी भिंतीला हळद लावा

दिवाळी तोंडावर आली की भोर आणि वेल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात रंगाचे डबे उघडतात. मुहूर्त उत्तम, हंगाम चुकीचा. घाटमाथ्यालगतच्या या गावांत चार महिने पाऊस कोसळतो आणि ते पाणी सिमेंटच्या सूक्ष्म छिद्रांत मुरून बसतं. भिंत हाताला कोरडी लागते, आतून ओलीच असते. वर ऑइलपेंट चढवला की आतल्या ओलाव्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. मग रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात आणि खापर फुटतं रंगाऱ्याच्या डोक्यावर.

ओलाव्याचा साथीदार त्याहून चिवट आहे. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणजे आपली चुन्याची निवळीच. नव्या काँक्रीटचा सामू 12 ते 13 असतो. इतक्या तीव्र आम्लारीशी तेल भेटलं की साबण होतो. ऑइलपेंटमधल्या तेलाचंही तेच होतं आणि रंग चिकट, मऊ पडतो. म्हणून नव्या गिलाव्याला पाणी मारून झाल्यावर निदान 28 दिवस थांबायचं आणि आम्लारीला टिकणारा प्रायमर लावायचा.

ही आम्लारी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. हळद आम्लारीत लाल होते. चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. कोपऱ्यातली भिंत जरा खरवडून ओली करा आणि हळद लावा. खरवडायचं विसरू नका, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वरचा पापुद्रा आधीच सौम्य झालेला असतो. हळद लालसर झाली, तर घाई नको.

ओलीसाठी हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले, तर भिंत अजून वाळायची आहे. स्लॅबखाली आणि खांबांवर शटरिंगचं ऑइल राहिलेलं असतं. तिथे पाणी शिंपडून पाहा. मुरलं तर ठीक, ओघळलं तर आधी ऑइल धुऊन काढा. लोणा मात्र कोरड्या ब्रशनेच झाडायचा. धुतला तर विरघळणारे क्षार पुन्हा आत जातात.

छपरातून किंवा पायातून पाणी येत असेल, तर पुट्टीचे कितीही हात दिले तरी व्यर्थ. आधी गळती बंद करा आणि रंगाचं काम फेब्रुवारी-मार्चवर ढकला.