मुलांचा कोच व्हायचंय? माणच्या मैदानावर आईस हॉकीकडून काय शिकता येईल, समजून घ्या

रिओ ऑलिम्पिक, २०१६. महिलांच्या ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलमध्ये एक मराठी नाव होतं : ललिता बाबर. गाव मोही, तालुका माण, जिल्हा सातारा. हीटमध्ये त्यांनी ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि फायनलमध्ये त्या दहाव्या आल्या. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची फायनल गाठणारी भारतीय महिला दिसायला तब्बल ३२ वर्षं लागली. आणि ती आली कुठून, तर पावसाची वाट बघणाऱ्या माणदेशातून.

अशी उदाहरणं समोर असली की गावोगावी मुलांना मैदानावर आणणारे तरुण-तरुणी पुढे येतात. कुणी शाळेत खेळाचा शिक्षक असतो, कुणी जिल्हा पातळीवर खेळलेली ताई, तर कुणी पोलीस भरतीची तयारी करता करता लहान मुलांनाही पळवणारा दादा. हेतू चांगलाच असतो. पण मुलांना कोचिंग करणं म्हणजे नेमकं काय करणं?

पहिली गोष्ट : मूल म्हणजे छोटा भरतीवाला नाही

महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावं लागतं. त्यामुळे भरतीच्या सरावात रोज तेच अंतर, तेच घड्याळ असतं. वीस वर्षांच्या उमेदवाराला ते ठीक आहे. दहा वर्षांच्या मुलाला तोच सराव दिला, तर काही दिवसांत गुडघे किंवा टाचा दुखायला लागतात, नाहीतर त्याचं मन उडतं. मग तो यायचाच बंद होतो.

ललिता बाबर शाळेत असताना खो-खो खेळायच्या. पुढे त्या लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळल्या, आणि स्टीपलचेसवर लक्ष द्यायला लागल्या तेव्हा त्यांनी विशीचा मध्य गाठला होता. थोडक्यात, ज्या प्रकारात त्या ऑलिम्पिकला गेल्या, तो त्यांनी लहानपणी पकडलेला नव्हता.

डॉक्टरही हेच सांगतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये सल्ला दिला होता की, बहुतेक खेळांत साधारण १५-१६ वर्षांपर्यंत मुलांना एकाच खेळाला जुंपू नये आणि आठवड्यातून एक-दोन दिवस त्या खेळापासून पूर्ण सुट्टी द्यावी.

मग आईस हॉकी मध्येच कुठून आली?

माणमध्ये बर्फ नाही, हे मान्य. पण एक अडचण दोन्हीकडे सारखी आहे : जागा एक, मुलं भरपूर.

आईस हॉकीच्या बंदिस्त मैदानाला रिंक म्हणतात. तिथला बर्फ यंत्रांनी गोठवलेला ठेवावा लागतो, त्यामुळे एकेका तासाचं भाडं महाग पडतं. त्यात अर्धा तास मुलं रांगेत उभी राहिली, तर पालकांचे पैसे पाण्यात. यावर अमेरिकेच्या आईस हॉकी संघटनेनं २००९ मध्ये मुलांच्या प्रशिक्षणाची नवी पद्धत आणली. रिंकचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात वेगळा व्यायाम ठेवायचा आणि मुलांचे छोटे गट त्यातून फिरवायचे. आठ वर्षांखालच्या मुलांचे सामनेही पूर्ण रिंकवर न घेता आडव्या, लहान भागात घ्यायचे.

याचा फायदा साध्या हिशेबात बघू. समजा २० मुलं आहेत आणि एका पाळीला ३० सेकंद लागतात. सगळ्यांची एकच रांग लावली, तर एका मुलाची पाळी दर १० मिनिटांनी येते. म्हणजे २४ मिनिटांत जेमतेम दोनदा. आता पाच-पाच मुलांचे चार गट करा आणि प्रत्येक ठिकाणी सहा मिनिटं द्या. त्याच २४ मिनिटांत प्रत्येकाला किमान आठ पाळ्या मिळतात. मुलं तीच, मैदान तेच, सराव चौपट.

एका तासाचा सराव असा लावता येईल

महागडं साहित्य लागत नाही. वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, फक्कीच्या रेषा, जुने टायर आणि दोन-तीन चेंडू पुरतात.

• पहिली ५ मिनिटं : हजेरी. कुणाला दुखतंय, कुणाला बरं नाही, हे विचारा.
• पुढची १० मिनिटं : अंग मोकळं करणं. मैदानाला फेऱ्या मारायला लावण्यापेक्षा शिवाशिवी किंवा साखळी घ्या.
• पुढची २४ मिनिटं : चार ठिकाणी चार कामं. एकीकडे उड्या, दुसरीकडे छोटी धाव आणि झटकन वळणं, तिसरीकडे फेक आणि झेल, चौथीकडे खेळातलं एखादं कौशल्य.
• पुढची १५ मिनिटं : तीन विरुद्ध तीन किंवा चार विरुद्ध चार असे छोटे सामने. गटात माणसं कमी असली की लाजाळू मुलाकडेही चेंडू येतोच.
• शेवटची ६ मिनिटं : हळूहळू थांबणं आणि गप्पा. आज काय जमलं, ते मुलांनाच सांगू द्या.

सूचना एका मिनिटात संपवा. चुकलेल्या मुलाला शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावू नका, कारण मग धावणं हीच त्याला शिक्षा वाटायला लागते.

माणमध्ये उन्हाळ्यात सराव सकाळी लवकरच घ्यायला हवा. दर १५-२० मिनिटांनी पाणी द्या, मूल मागेपर्यंत थांबू नका. चक्कर, मळमळ, डोकेदुखी किंवा मूल असंबद्ध बोलायला लागणं यांपैकी काही दिसलं, तर सराव थांबवून त्याला सावलीत न्या, अंग ओलं करा आणि डॉक्टरांना गाठा.

कोच होण्याचे मार्ग

शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक व्हायचं असेल, तर पदवीनंतर बी.पी.एड. हा नेहमीचा रस्ता. पूर्णवेळ कोच व्हायचं असेल, तर पतियाळाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था, म्हणजेच 'एनआयएस'. ती १९६१ पासून सुरू आहे. तिथे डिप्लोमा तर आहेच, शिवाय सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही असतो, जो नोकरी सांभाळून कोचिंग करणाऱ्यांना सोयीचा पडतो.

खेळांच्या संघटनांचेही कोर्स आहेत. हॉकी इंडियानं २०१९ पासून कोचसाठी पायऱ्यापायऱ्यांचं प्रशिक्षण सुरू केलंय. ॲथलेटिक्स फेडरेशनचा सुरुवातीच्या कोचसाठी 'प्री-लेव्हल वन' कोर्स आहे. यातला कोणताही कोर्स करा, पण प्रथमोपचार आणि सीपीआर शिकलाच पाहिजे.

एक कायदाही माहीत हवा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. लपवणं हा गुन्हा आहे. चाइल्डलाइनचा नंबर १०९८. सराव उघड्यावर, चारचौघांत घ्या. पालकांना कधीही येऊन बघू द्या. मुलाशी एकट्यानं बंद खोलीत किंवा रात्री फोनवर बोलणं टाळा.

मुली मैदानावर टिकतात का?

माणच्या शेजारच्या फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके भारताच्या महिला हॉकी संघात पोहोचली आणि २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात होती. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनचा 'माणदेशी चॅम्पियन्स' हा उपक्रमही ग्रामीण मुलामुलींना खेळात आणतो.

तरीही वयात येताना अनेक मुली खेळ सोडतात. त्यामागची कारणं बऱ्याचदा साधी असतात : मैदानाजवळ स्वच्छतागृह नाही, अंधार पडायच्या आत घरी पोहोचता येत नाही, पाळीबद्दल कोचशी बोलता येत नाही. वेळ बदलणं, एखाद्या ताईला सोबत घेणं, आईशी जाऊन बोलणं, हे कोचच्या हातात असतं.

म्हणून नव्या कोचनं पदकांआधी एक साधी वही ठेवावी. जूनमध्ये किती मुलं-मुली आली, मार्चमध्ये त्यांतली किती उरली आणि गळालेल्यांत मुली किती? गळालेल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन कारण विचारा. पुढच्या वर्षीच्या सरावात काय बदलायचं, ते तिथेच कळेल.